घरातल्या तासांचा हिशेब



आपल्या घरातल्या कपाटात जुने, मुदत संपलेले पासपोर्ट जपून ठेवलेले असतात. त्यांतला एखादा सहज उघडून अमिरातीच्या रहिवासी परवान्याचे पान पाहावे. नवऱ्याच्या पानावर व्यवसायाच्या रकान्यात इंजिनिअर, अकाउंटंट, सेल्स मॅनेजर असे काहीतरी छापलेले दिसेल. बायकोच्या पानावर बहुतेक वेळा एकच शब्द असे: 'हाऊसवाइफ'. त्या एका शब्दामागे कोणी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली असे, कोणी नाशिकला बँकेत आठ-दहा वर्षे नोकरी केलेली, तर कोणी सोलापूरच्या शाळेत गणित शिकवलेली. २०२२ पासून पासपोर्टवर ते स्टिकर चिकटवणे बंद झाले आणि सगळा कारभार एमिरेट्स आयडीवर आला. पण त्या शब्दाने उभा केलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. घरात दिवसभर जे चालते ते काम आहे की नाही? आणि ते काम असेल, तर ज्यांच्यासाठी ते केले जाते ते काही देणे लागतात की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण सगळे एका सुरात देतो. "अर्थातच काम आहे. तिच्याशिवाय आमचे पान हलत नाही!" दुसरा प्रश्न आला की मात्र आपण जरा घुटमळतो. प्रेमाच्या माणसांत देणे-घेणे कसले, असे म्हणून विषय बदलतो. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी गेली पन्नास वर्षे हा विषय बदलू दिलेला नाही. त्यांच्या संशोधनातून आपल्यासारख्या आखातातल्या मराठी कुटुंबांनी काय घ्यावे, याचा थोडा विचार या लेखात करू या.

काम कशाला म्हणायचे?

एके काळी समाजशास्त्रातही काम म्हणजे कारखान्यातले किंवा कचेरीतले काम, एवढाच अर्थ होता. अ‍ॅन ओकली या ब्रिटिश अभ्यासिकेने लंडनमधल्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेतल्या आणि कारखान्यातल्या कामगाराला जे प्रश्न विचारतात तेच त्यांना विचारले. किती तास काम करता? कंटाळा येतो का? कामाची घाई असते का? १९७४ मध्ये तिचे पुस्तक आले. त्या बायका आठवड्याला सरासरी ७७ तास घरकाम करत होत्या. पुढे १९८९ मध्ये आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास मांडला. कचेरीतली एक पाळी संपवून घरी आलेली स्त्री लगेच दुसऱ्या पाळीवर हजर होते, हे त्यांनी दाखवले. 'दुसरी पाळी' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. आपल्याकडे 'रांधा, वाढा, उष्टी काढा' हे तीन शब्द कितीतरी आधीपासून आहेत. आपल्याकडे उणीव होती ती मोजणीची.

ती उणीव भरून काढण्याचे काम मुंबईतही झाले. १९७४ मध्येच भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरील समितीचा 'समतेकडे' हा अहवाल प्रसिद्ध झाला. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी त्याच वर्षी महर्षी कर्व्यांच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्रियांच्या प्रश्नांवरचे संशोधन केंद्र सुरू केले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. स्त्रियांचे शिक्षण हा कर्व्यांच्या काळचा प्रश्न होता. शिकलेल्या स्त्रीच्या दिवसाचे पुढे काय होते, हा नीराबाईंच्या पिढीचा प्रश्न झाला.

सरकारी मोजणी यायला मात्र वेळ लागला. भारत सरकारने सगळ्या देशाचे पहिले 'वेळ-वापर सर्वेक्षण' २०१९ मध्ये केले. माणसे चोवीस तासांत काय काय करतात, याची त्यात घरोघर नोंद घेतली गेली. कोणत्याही एका दिवशी १०० पैकी ८१ स्त्रिया बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुष होते २६. जे घरकाम करत होते त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झाले, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ झाले होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही जवळजवळ तेवढीच कमी झाली. कदाचित मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन आणि घरपोच किराणा यांनी दोघांचाही भार थोडा हलका केला असेल. त्या दोघांमधली वाटणी मात्र आहे तिथेच राहिली.

शिवाय या मिनिटांत न बसणारे एक काम आहे, ते म्हणजे लक्षात ठेवण्याचे. दूध संपत आले आहे, धाकट्याच्या शाळेत उद्या हिरवा टी-शर्ट हवा, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या भारतातून येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवायच्या आहेत. अ‍ॅलिसन डॅमिंजर या अभ्यासिकेने २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून या कामाचे चार टप्पे पाडले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि काम झाले की नाही यावर नजर ठेवणे. निर्णयाच्या टप्प्याला नवरे उत्साहाने हजर असतात, पण आधी ओळखणे आणि नंतर नजर ठेवणे हे बहुतांशी बायकांकडेच राहते. "तू नुसते सांग, मी लगेच करतो", असे प्रेमाने म्हणणाऱ्या आपल्यातल्या पुरुषांनी इथे थोडे थांबावे. सांगणे हेही कामच आहे, आणि ते तिने आधीच केलेले असते.

निसर्गाचा नियम की घराची रीत?

यावर नेहमीचे उत्तर असते की स्त्रीचा पिंडच तसा आहे, हे निसर्गानेच ठरवले आहे. या उत्तराची सर्वांत सखोल तपासणी करणाऱ्यांमध्ये एक नाव मराठी आहे: लीला दुबे (१९२३–२०१२). मराठी कुटुंबात जन्मलेल्या या मानवशास्त्रज्ञ विदुषी संगीततज्ज्ञ सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. आपल्याकडे त्यांचे नाव जितके घराघरात पोचायला हवे होते तितके पोचले नाही.

लीलाबाईंनी १९८६ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता बीज आणि क्षेत्र. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत, ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रांत आहे, म्हणींत आहे, लग्नातल्या विधींत आहे. वरवर पाहता ही एक सुंदर उपमा वाटते. पण लीलाबाईंनी विचारले, या उपमेचा परिणाम काय होतो? शेत पोसते, झिजते, सगळे सहन करते. पण पीक कोणाचे, हे शेत ठरवत नाही. मूल बापाच्या नावाचे आणि बापाच्या कुळाचे होते. आणि त्याच तर्काने, स्त्रीने घरात घातलेल्या श्रमांचे फळही तिचे राहत नाही. उपमा निसर्गाची आहे, पण काम करते ती मालकी ठरवण्याचे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले, ते या जुन्या तर्काला लागलेले एक छोटेसे ठिगळ म्हणता येईल.

आणि निसर्गाचाच नियम म्हणावा, तर तो सगळीकडे सारखा हवा. लीलाबाईंनी लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरच्या मुस्लिम समाजाचा अभ्यास केला, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये निघाले. आपण दुबईला येताना ज्या अरबी समुद्रावरून उडतो त्याच समुद्रातले हे बेट. तिथे मूल आईच्या घराचे असे आणि मालमत्ता आईकडून चाले. नवरा आपल्या आईच्या घरी राही आणि रात्री पत्नीच्या घरी पाहुण्यासारखा येई. माणसे तीच, धर्मनिष्ठ आणि संसारी. फक्त घराची रीत वेगळी. याचा अर्थ आपण कल्पेनीची रीत उचलावी असा नाही. पण जी गोष्ट एका बेटावर वेगळी असू शकते ती निसर्गाने ठरवलेली नसते, एवढे तरी मान्य करावे लागते.

त्यासाठी इतक्या दूर जायचीही गरज नाही. दुबईत सतवा-करामाच्या जुन्या इमारतींत किंवा शारजात रोल्याच्या आसपास एका खोलीत चार-सहा जण मिळून राहणारे 'बॅचलर' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्यातल्या कित्येकांनी संसार इथे आणण्याआधीची वर्षे तशीच काढली. त्या खोलीच्या भिंतीवर बहुधा एक कागद चिकटवलेला असतो. सोमवारी भात-आमटी कोणी करायची, भांडी कोणाकडे, कचरा कोणी टाकायचा. ज्याची रात्रपाळी आहे त्याला सूट, पण सुटीच्या दिवशी त्याची भरपाई. सांगलीचा, कोल्लमचा आणि लखनौचा असे तिघे त्या कागदापुढे सारखेच. तिथे कोणी म्हणत नाही की स्वयंपाक माझ्या पिंडात नाही. पुढे व्हिसा होतो, बायको येते, नवा फ्लॅट मिळतो आणि तो कागद जुन्या खोलीतच राहतो. हातातले कसब विमानतळावर गळून पडत नाही. बदलते ती समजूत. परक्या सोबत्याच्या वेळेला जी किंमत आपण देत होतो, ती जवळच्या माणसाच्या वेळेला देण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. घरकामाच्या प्रश्नाचे मर्म मला इथे दिसते.

मोल आणि किंमत

मग घरकामाला पगार द्यावा का? हा प्रश्न भारतात एका चमत्कारिक वाटेने न्यायालयात पोचला. गृहिणी अपघातात गेली तर नुकसानभरपाई किती, असा तो प्रश्न. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात भीषण आग लागली, त्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्यात गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. २०१० मधल्या एका निकालात न्यायालयाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. २००१ च्या जनगणनेत स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी भरणे अशी कामे करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांची गणना 'काम न करणाऱ्यां'मध्ये, भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत केलेली होती. न्यायालयाने त्यावर कडक नापसंती दाखवली. आणि जानेवारी २०२१ मध्ये, दिल्लीतल्या एका अपघातात पती-पत्नी दोघेही गेल्याच्या प्रकरणात, न्यायमूर्ती रमण यांनी त्याच २९९ आणि ९७ मिनिटांच्या आकड्यांचा आधार घेऊन गृहिणीच्या कामाला उत्पन्न मानण्याचे समर्थन केले.

हे निकाल स्वागतार्ह आहेत, पण त्यांतली विसंगती मनाला टोचते. कोर्टाने तिच्या तासांचा हिशेब मांडला तो ती गेल्यानंतर. जिवंतपणी ज्या कामाच्या नोंदीत शून्य होते, त्याची बेरीज विमा कंपनीशी वाद करताना झाली.

सरकारेही आता थेट रक्कम देऊ लागली आहेत. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये कुटुंबप्रमुख स्त्रियांसाठी महिना १,००० रुपयांची योजना आणली आणि तिच्या नावातच 'हक्क' हा शब्द घातला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये महिना १,५०० रुपयांची योजना आली, तिचे नाव 'लाडकी बहीण'. राजकारण बाजूला ठेवून नुसती नावे पाहिली तरी विचार करण्यासारखे आहे. बहिणीला भाऊ ओवाळणी घालतो, ती त्याच्या खुशीने. हक्काची रक्कम कोणाच्या खुशीवर अवलंबून नसते. गरीब घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणता येतील असे पैसे येणे ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या पैशांनी तिच्या दिवसातले २८९ मिनिटांचे काम कोणी वाटून घेत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो नीट ऐकून घेण्यासारखा आहे. आईच्या हातच्या वरणभाताला दर लावायचा का? प्रेमाचा बाजार मांडायचा का? मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. किंमत बाजारात ठरते आणि पैशांत चुकती होते. मोल हे जाणायचे असते. आईच्या वरणभाताला किंमत नसावी, हे मला मान्य आहे. पण मोल जाणायचे तर त्यामागे किती वेळ गेला, त्या वेळात तिचे काय राहून गेले, हे माहीत असायला नको का? मोजल्याने प्रेम कमी होत नाही. न मोजल्याने मात्र प्रेमाच्या नावाखाली पुष्कळ काही खपून जाते.

आखातातला संसार

आपल्या इथल्या संसारात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गावी सासू असते, जाऊ असते, हाकेच्या अंतरावर आत्या-मावशी असतात, अडीनडीला शेजारीण असते. इथे सकाळी मुलांची शाळेची बस, मग इत्तिहाद रोडवरची गर्दी, आणि मधल्या वेळेत मूल तापाने फणफणले तर कोण थांबणार हा प्रश्न. बाळंतपणाला पुण्याहून आणि नागपूरहून दोन्ही आज्या पाळीपाळीने व्हिजिट व्हिसावर येतात. त्यांचे ते महिनेही कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

इथले कायदे या काळात बरेच बदलले. कुटुंबाला व्हिसा मिळवून देण्यासाठी पूर्वी व्यवसाय कोणता हे पाहिले जाई, २०१९ पासून उत्पन्न पाहिले जाऊ लागले. २०२० मध्ये खासगी क्षेत्रात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाची तरतूद झाली. त्याच वर्षी नव्या बाळाच्या वडिलांनाही पाच दिवसांची पगारी रजा देण्यात आली.  आईला आज ६० दिवस मिळतात, ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगाराचे. पाच दिवस थोडेच आहेत, पण ते सगळे घेणारे वडील आपल्या ओळखीत किती, हेही मनाशी मोजून पाहावे. स्वीडनचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे १९७४ पासून वडिलांना पालक-रजा घेता येत होती, पण फार थोडे घेत. १९९५ मध्ये रजेचा एक महिना असा राखून ठेवला की दोघांपैकी ज्याच्या वाट्याचा आहे त्याने घेतला नाही तर तो वायाच जाईल. मग वडील घरी थांबू लागले. कायद्याने दार उघडते, पण रीत बदलायला कधी कधी दाराबाहेर हाताला धरून न्यावे लागते.

आपल्यातल्या पुष्कळ घरांनी यावर दुसरा मार्ग काढला आहे, तो म्हणजे घरकामाला बाई ठेवण्याचा. यात गैर काही नाही. तिच्या मदतीमुळेच कित्येक मराठी स्त्रियांची नोकरी टिकली. पण 'बाई ठेवली, प्रश्न सुटला' असे म्हणण्याआधी तिच्या बाजूने एकदा पाहावे. ती केरळहून, आंध्रातून, श्रीलंकेतून, फिलिपिन्समधून किंवा इथिओपियातून आलेली असते, आणि तिचेही घर असते. तिच्या मुलांना तिथे तिची आई पाहते, बहीण पाहते, नाहीतर थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्यांचे करते. हॉकशील्डबाईंनी २००० मध्ये याला जगभर पसरलेली सांभाळाची साखळी म्हटले. पहिल्या कडीवरचा पुरुष आपले तास बायकोवर सोपवतो, बायको ते पैसे देऊन दुसरीवर सोपवते, दुसरी ते आपल्या आईवर किंवा मुलीवर सोपवते. शेवटच्या कडीपाशी ते तास फुकटात केले जातात, आणि तिथे बहुतेक वेळा एखादी शाळकरी मुलगी उभी असते.

याच साखळीची दुसरी बाजू आपल्या मायदेशी आहे. आपले आई-वडील साताऱ्याला किंवा चिपळूणला आहेत. त्यांना दवाखान्यात नेणारी वहिनी आहे, रात्री सोबतीला झोपणाऱ्या मावशी आहेत. आपण पैसे पाठवतो, रोज फोन करतो, आणि मनापासून करतो. पण वहिनीचे तास आपण कधी विचारले का?

घरकाम करणारी ही माणसे आपला हक्क मागतात, तेव्हा तो तासांचाच असतो. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. अमिरातीने २०१७ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि आता त्या जागी २०२२ चा कायदा आहे. दिवसाला बारा तास विश्रांती आणि त्यांतले आठ सलग, आठवड्याला एक सुटी, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा. कायद्यात लिहिलेले हे तास आपल्या घरात पाळले जातात ना, हे पाहणे ही आपली जबाबदारी. आणि हे वाचताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. घरकामाला ठेवलेल्या बाईला कायद्याने मिळालेली आठवड्याची सुटी घरच्या गृहिणीला कोणत्या कायद्याने मिळते?

ऋण कशाने फिटते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देणे लागते का?

आपल्या परंपरेत ऋण हा शब्द फार खोल अर्थाने वापरला आहे. पितरांचे ऋण असते, गुरूंचे असते, समाजाचे असते. या ऋणांचा एक विशेष असा की ती पैशांनी फिटत नाहीत. ज्या प्रकारचे घेतले त्याच प्रकारचे पुढे द्यावे लागते. ज्ञान घेतले तर ज्ञान द्यायचे. मग ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा वेळ घेतला, त्याने परत काय द्यायचे? साडी, दागिना, वाढदिवसाचे जेवण, समारंभात केलेले भरभरून कौतुक, हे सगळे चांगलेच आहे. पण कृतज्ञता हा ऋणाचा स्वीकार आहे, फेड नव्हे. वेळेचे ऋण वेळेनेच फिटते.

कोणी म्हणेल, "मी दहा-बारा तास नोकरी करतो, नोकरी गेली तर सगळ्यांचा व्हिसा जातो, ही टांगती तलवार माझ्याच डोक्यावर आहे, तो वेळ धरायचा नाही का?" जरूर धरायचा. हिशेब प्रामाणिक हवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा. कमावणाऱ्याचे तास, प्रवासाचे तास, काळजीचे ओझे, सगळे मांडावे. मग एकच गोष्ट पाहावी: दिवसाच्या शेवटी, आठवड्याच्या शेवटी, खरी उसंत कोणाला किती मिळाली? जिथे दोघांची उसंत साधारण सारखी आहे, त्या घरात कोणी स्वयंपाक करावा आणि कोणी गाडी चालवावी हा त्यांचा प्रश्न. जिथे ती सारखी नाही, तिथे कितीही गोडवा असला तरी कोणाचे तरी काही राहून जाते आहे.

दुसरे कोणी म्हणेल, "आमच्या घरी ती आवडीने करते." असेलही. आवडीची परीक्षा सोपी आहे. चार दिवस तिने केले नाही तर काय होते? घर कुरकुर न करता चालले, तर ती आवड होती. तापातही उठावे लागत असेल, किंवा माहेरी जाण्याआधी आठ दिवसांचे डबे करून फ्रीजमध्ये ठेवावे लागत असतील, तर तिला आवड म्हणणे ही आपली सोय आहे.

आणि या सगळ्याकडे आपली मुले पाहत असतात. इथे वाढणारी आपली मुले मराठी किती बोलतील, सणवार किती पाळतील, याची आपल्याला काळजी असते. ती आपल्याकडून आणखी एक गोष्ट शिकतात आणि ती न शिकवता शिकतात. जेवण झाल्यावर ताटावरून कोण उठून जाते आणि मागे कोण थांबते. लीला दुबे यांनी १९८८ मधल्या एका निबंधात हेच लिहिले होते की वाढण्याची, वाटण्याची आणि स्वतः शेवटी जेवण्याची शिकवण मुलीला फार लहानपणी मिळते. मुलालाही त्याच पंगतीत त्याची शिकवण मिळते.

एक छोटासा उपाय सुचवतो आणि थांबतो. एका आठवड्यासाठी घरात एक साधी वही ठेवावी. घरासाठी कोणी किती वेळ दिला ते प्रत्येकाने आपापले रोज लिहावे. मुलांनीही लिहावे, आणि लक्षात ठेवण्याच्या कामाला वेगळी ओळ द्यावी. कोणी कोणावर टीका करायची नाही, फक्त लिहायचे. आठवडा संपला की सगळ्यांनी मिळून वही वाचावी. मग त्या बॅचलर दिवसांतल्या कागदाची आठवण काढावी आणि तसाच एक कागद घरच्या फ्रीजवर चिकटवावा. ही वही उत्सवाच्या आठवड्यातच सुरू केली तर आणखी चांगले. एकवीस मोदकांची उकड कोणी काढली, सारण कोणी परतले, आरतीला वेळेवर कोण पोचू शकले आणि आरतीचा आवाज ओट्यापाशी उभे राहून कोणी ऐकला, हे त्यात आपोआप उतरेल. पुढच्या वर्षी निदान मोदक वळायला तरी घरातले सगळे हात असावेत, आणि आरतीच्या वेळी सगळे जण बाहेर असावेत.